‘गेलेले परत आले की थांबतो’

जुगारात अडकलेला तरुण स्वतःशी सगळ्यांत जास्त वेळा काय म्हणत असेल? ‘मला श्रीमंत व्हायचंय’, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो म्हणत असतो, ‘गेलेले परत आले की थांबतो.’ ऐकायला किती समंजस वाक्य आहे. त्यात हाव दिसत नाही. हिशेब चुकता करावा आणि उठून जावं, एवढीच इच्छा दिसते. पण जुगारातलं मोठं नुकसान बहुतेक वेळा हे वाक्य मनात आल्यानंतरच होतं. म्हणून हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. ते कुठून येतं, मेंदूत ते इतकं घट्ट का बसतं आणि ते ऐकू आलं तर जवळच्या माणसांनी काय करायचं, हे समजून घ्यायचं आहे.

मुलांना जुगाराबद्दल सावध करताना आपण बहुधा लोभावर बोट ठेवतो. झटपट पैशाच्या मागे लागू नका, कष्टाचंच टिकतं, वगैरे. ऐकणारा मान डोलावतो, कारण हे आपल्याबद्दल चाललंय असं त्याला वाटतच नाही. त्याच्या लेखी तो जुगार खेळत नसतो. तो खेळाडूंचा फॉर्म बघून सामन्यावर पैज लावत असतो, मोबाइलवर एक ॲप वापरत असतो, गेममधली एखादी पेटी उघडत असतो. जुगारी म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे अंधाऱ्या खोलीत पत्ते पिसणारी माणसं येतात. आपलं सांगणं त्या खोलीबद्दल असतं आणि तो असतो भलतीकडेच.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. २०२४ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात जगभरातल्या पाहण्यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑनलाइन कॅसिनो किंवा स्लॉट (फिरती चित्रं जुळली तर पैसे देणारा खेळ) खेळणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे १५.८ टक्के लोकांमध्ये जुगाराचा विकार असावा, असा त्यातला अंदाज आहे. किशोरवयीन मुलांमध्ये हेच प्रमाण २६.४ टक्के आहे. म्हणजे असे खेळ खेळणाऱ्या दर चार मुलांमागे साधारण एक. खेळांवरच्या सट्ट्यात प्रौढांचं प्रमाण ८.९ टक्के आणि किशोरांचं १६.३ टक्के. खेळ तोच, पण कोवळ्या वयात त्याचा फटका दीडपटीहून जास्त बसतो. कुठेही कायदा या मुलांना खेळायला परवानगी देत असो वा नसो, ती खेळत आहेत.

हिशेब कुठे फिरतो

गणित थोडक्यात सांगतो, कारण ते सोपं आहे आणि एकदा कळलं की विसरता येत नाही.

रुलेट म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्यावर किंवा रंगावर थांबेल यावर पैज. त्याच्या युरोपियन चाकावर शून्यापासून छत्तीसपर्यंत ३७ घरं असतात. एका आकड्यावर एक नाणं लावलं आणि तो आकडा आला, तर तुमचं नाणं परत आणि वर ३५ नाणी मिळतात. आता सगळ्या ३७ घरांवर एकेक नाणं लावून पाहा. जिंकणार हे नक्की. ३७ नाणी घातली, ३६ हाती आली. ते एक नाणं कॅसिनोचं. कुणी फसवाफसवी करायची गरजच नाही, नियमातच कमाई आहे. शेकड्यात मोजलं तर २.७.

एवढंसंच? असं वाटणं साहजिक आहे. समजा एखादा ऑनलाइन खेळ लावलेल्या पैशांपैकी सरासरी ९५ टक्के परत देतो. ऐकायला उदार वाटतं. पण हे ९५ टक्के प्रत्येक डावाचे आहेत. १०० नाण्यांचे ९५ होतात, तेच पुन्हा लावले की ९० आणि थोडे वर, पुन्हा लावले की ८६ च्या आत. अशा चौदा फेऱ्या झाल्या की सरासरीनं निम्म्याहून जास्त पैसे गेलेले असतात. जिंकलेलं पुन्हा लावलं जातं, म्हणून तेच पैसे पुन्हा पुन्हा त्या पाच टक्क्यांच्या चाळणीतून जातात.

आणि इथे वेग फार महत्त्वाचा आहे. तीन सेकंदांना एक डाव या गतीनं तासाभरात १,२०० डाव होतात. आठवड्याला लॉटरीचं एक तिकीट घेणाऱ्याला तेवढे डाव खेळायला २३ वर्षं लागली असती. लॉटरीच्या तिकिटावर जगलेल्या पिढीचा अनुभव आजच्या मुलांना लावता येत नाही, तो यामुळे. ‘आमच्या वेळीही लोक खेळायचे, काही बिघडलं नाही’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना हा तेवीस वर्षांचा हिशेब जरूर दाखवा.

‘पण मी नशिबावर खेळत नाही, मला खेळ कळतो’ हा सट्टा लावणाऱ्या मुलांचा मुद्दा असतो. दोन अगदी तुल्यबळ संघ घ्या. प्रामाणिक भाव असता तर एकाचे दोन मिळायला हवेत. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना १.९० असा भाव ठेवलेला असतो. मग नुसतं बरोबरीत राहायलाही शंभरातले ५२ ते ५३ अंदाज खरे यावे लागतात, तेही भाव ठरवणाऱ्याकडे तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती आणि संगणक असताना. खेळ कळणं वेगळं आणि भावापेक्षा जास्त कळणं वेगळं. त्यातूनही जो खरोखर सातत्यानं जिंकू लागतो, त्याच्या पैजेवर अनेक कंपन्या मर्यादा घालतात. हरणाऱ्याला मात्र बोनस आणि फुकट पैजा पाठवल्या जातात.

आता ते वाक्य. गेलेले परत मिळवायचे म्हणून मुलं हमखास एक युक्ती शोधून काढतात आणि प्रत्येकाला ती आपणच शोधली असं वाटतं. हरलो की पुढची पैज दुप्पट. कधीतरी जिंकणारच, मग सगळं एकदम वसूल. एकपासून सुरुवात करा: १, २, ४, ८, १६. लागोपाठ दहा वेळा हरलात तर १,०२३ गेलेले असतात आणि पुढचा डाव १,०२४ चा लावावा लागतो. तो जिंकलात तर एकूण नफा किती? एक. एक नाणं मिळवायला दोन हजारांहून जास्त पणाला लावले. तेवढे पैसे असतात कोणाकडे? मग उधारी सुरू होते. बुडत्याचा पाय खोलात, ही म्हण या युक्तीसाठीच असावी.

‘लागोपाठ दहा वेळा कुठे कोण हरतं?’ १८ ऑगस्ट १९१३ ला मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटवर लागोपाठ २६ वेळा काळा रंग आला. पंधरा-वीस वेळा काळा आल्यावर लोक लालवर तुटून पडले. इतक्यांदा काळा आला, आता लालची पाळी, असं त्यांना वाटत होतं. चाकाला मागचं काही आठवत नाही. प्रत्येक फेरी त्याच्यासाठी पहिलीच असते. त्या रात्री लोकांनी प्रचंड पैसा घालवला आणि ‘आता तरी माझी पाळी’ या समजुतीला मानसशास्त्रात त्या शहराचं नाव मिळालं.

मेंदूला काय होतं

एवढं गणित समजूनही माणूस थांबत नाही, हे मी आवर्जून सांगेन. गणितात हुशार असलेली मुलंही अडकतात. त्यांना मूर्ख ठरवून आपण स्वतःला सुरक्षित समजतो, पण कारण दुसरीकडे आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. ठरावीक वेळा टोचा मारल्यावर दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर कबुतर लवकरच टोचे मारणं सोडतं. पण दाणा कधी तिसऱ्या टोच्याला, कधी तिसाव्याला, असा अनिश्चित मिळत असेल, तर ते थकेपर्यंत टोचत राहतं. स्लॉट मशिन याच तत्त्वावर माणसाला बसवून ठेवतं, हे स्किनर यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढे वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून दिसलं की डोपामिन हे बक्षिसाच्या ओढीशी जोडलेलं मेंदूतलं रसायन सोडणाऱ्या पेशी अपेक्षित बक्षिसापेक्षा अनपेक्षित बक्षिसाला जास्त प्रतिसाद देतात. बक्षीस मिळण्या-न मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा वाट पाहतानाच त्यांची हालचाल सर्वाधिक वाढते. म्हणजे ओढ जिंकण्याची कमी आणि ‘आता कळेल’ या क्षणाची जास्त.

याचा एक विलक्षण पुरावा वेगळ्याच आजारात सापडला. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णांना डोपामिनसारखं काम करणारी औषधं देतात. त्यांतल्या काही रुग्णांना आयुष्यात कधी नव्हती अशी जुगाराची अनावर ओढ लागली, आणि औषध कमी केल्यावर किंवा बदलल्यावर ती अनेकांमध्ये ओसरली. साठी-सत्तरीची, संयमानं जगलेली माणसं. त्यांचं चारित्र्य एका गोळीनं बिघडलं असं कोणी म्हणेल का? मग मुलांबद्दल आपण इतक्या सहज का म्हणतो?

खेळ बनवणाऱ्यांना हे सगळं ठाऊक असतं. दोन उदाहरणं देतो.

पहिलं, ‘थोडक्यात हुकलं’. तीन चित्रं जुळायला हवीत, दोन जुळली, तिसरं एका घरानं पुढे गेलं. नियमानं हे साधं हरणं आहे, बाकी हरण्याइतकंच. पण २००९ साली ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी खेळणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा असं हुकणं मेंदूतल्या जिंकण्याशी जोडलेल्या भागांना जागं करताना दिसलं. लोकांना ते हुकणं आवडलं नव्हतं, तरी पुन्हा खेळायची इच्छा मात्र वाढली होती. शिकण्यासाठी हा गुण उत्तम आहे. नेम जरासा चुकला तर पुढच्या वेळी लागेल, हे मेंदूनं बाण मारताना, चेंडू टाकताना शिकलेलं असतं. स्लॉटच्या चित्रांवर नेम धरता येत नाही, पण मेंदूला ते कळत नाही.

दुसरं, जिंकल्यासारखं दिसणारं हरणं. वीस नाणी लावली, आठ आली. बारा गेली. पण पडदा उजळतो, संगीत वाजतं, आकडा नाचतो. शरीराची उत्तेजना मोजल्यावर दिसलं की खेळणारे या हरण्याला जिंकल्यासारखाच प्रतिसाद देतात. संध्याकाळभर असं शंभर वेळा ‘जिंकून’ मुलगा शेवटी खात्यात बघतो तेव्हा पैसे कुठे गेले हे त्याला खरंच कळत नाही. तो खोटं बोलत नसतो.

कोवळं वय

आवेग आवरणारा, परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. बक्षिसाची ओढ मात्र किशोरवयातच जोरात असते. गाडीचा वेग आधी येतो आणि ब्रेक नंतर बसतात, असं काहीसं. त्यात पैशाचा अनुभव नसतो, आणि हातात फोन असतो, जो रात्री दोन वाजताही बंद होत नाही.

शिवाय सवय आता पैसे येण्याच्या आधीच लागते. अनेक मोबाइल आणि कॉम्प्युटर गेममध्ये पैसे देऊन बंद पेटी विकत घ्यायची असते. आत काय आहे ते उघडल्यावरच कळतं. क्वचित दुर्मिळ वस्तू, बहुतेक वेळा किरकोळ. पेटी उघडताना ते उजेडाचं, थरथरण्याचं नाट्य असतं ना, ते कबुतराच्या दाण्याचंच तंत्र. २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार नियामकानं अशा पैसे देऊन घ्यायच्या पेट्या हा जुगारच आहे असं ठरवलं. अनेक देशांनी तसं मानलेलं नाही. पेट्यांवर जास्त खर्च करणाऱ्यांमध्ये जुगाराचा त्रासही जास्त आढळतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पेटीमुळे ओढ लागते की ओढ असलेले पेटीकडे वळतात, यावर वाद आहे. आईवडिलांनी त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही.

आणखी एक धोका म्हणजे सुरुवातीचं जिंकणं. पहिल्याच काही दिवसांत मोठी रक्कम लागलेल्या मुलाच्या मनात ती रक्कम ‘माझी खरी कुवत’ म्हणून कोरली जाते. पुढचं सगळं हरणं त्याला तात्पुरतं वाटतं. कुणी सोशल मीडियावर जिंकलेल्या रकमेचा स्क्रीनशॉट टाकला तर तोही हेच काम करतो. हरलेल्याचा स्क्रीनशॉट कोणी टाकत नाही.

लपवाछपवी

जुगाराला वास येत नाही. डोळे लाल होत नाहीत, पाय लडखडत नाहीत. जेवणाच्या ताटावर बसलेला मुलगा टेबलाखाली महिन्याभराची फी हरू शकतो आणि शेजारी बसलेल्या आईला पत्ता लागत नाही. म्हणून खुणा वेगळ्याच ठिकाणी शोधाव्या लागतात. ज्या सामन्यात त्याला काही रस असायचं कारण नाही, तो तो श्वास रोखून बघतो. रात्रीची झोप उडते. मित्रांकडून छोट्या छोट्या रकमा उसन्या घेतल्या जातात, प्रत्येकाला वेगळं कारण सांगून. हेडफोन ‘हरवतो’, सायकल ‘विकून टाकली, वापरत नव्हतो’. एक दिवस तो उगाच उदार असतो, दुसऱ्या दिवशी अंगावर येतो. यातली एखादी गोष्ट कुठल्याही तरुणात असते. तीन-चार एकत्र आल्या तर मात्र बोलायला हवं.

‘गेलेले परत आले की थांबतो’ या वाक्यामागे खरं तर हीच लपवाछपवी असते. तो पैशांसाठी परत खेळत नसतो. कुणाला कळायच्या आत भोक बुजवायचं असतं. पैसे परत आले तर सांगावं लागणार नाही. म्हणजे सांगण्याची भीती जितकी मोठी, तितका तो जास्त खेळणार. मुलांना जुगाराची लाज वाटावी अशा मोहिमा मला म्हणूनच धोक्याच्या वाटतात. लाज त्याला खेळण्यापासून अडवत नाही, फक्त सांगण्यापासून अडवते. ‘जबाबदारीनं खेळा’ ही जाहिरातीतली ओळही तेच करते. हरला तर तो बेजबाबदार, खेळ निर्दोष. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार या उद्योगाच्या एकूण उत्पन्नातला सुमारे ६० टक्के हिस्सा घातक पातळीवर खेळणाऱ्यांकडून येतो. सगळे खरोखर जबाबदारीनं खेळू लागले, तर हा धंदा आजच्या आकाराचा राहणार नाही.

वैद्यकशास्त्रानं हा विषय चारित्र्याच्या खात्यातून कधीच बाहेर काढला आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं १९८० मध्ये जुगाराची नोंद विकार म्हणून केली आणि २०१३ मध्ये त्याला दारू व अमली पदार्थांच्या पंक्तीत, व्यसनांच्या प्रकरणात आणून बसवलं. पदार्थ पोटात न जाता लागणारं व्यसन असा मान त्या प्रकरणात सर्वांत आधी जुगारालाच मिळाला. त्यावर उपचार आहेत. विचार आणि वागणूक यांवर काम करणाऱ्या समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो, आणि १९५७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या ‘गॅम्बलर्स ॲनॉनिमस’सारखे स्वमदत गट अनेक देशांत आहेत.

बोलायचं कसं

घरात कळतं तेव्हा बहुधा दोनच गोष्टी होतात. आकांडतांडव, किंवा सगळं कर्ज मुकाट्यानं फेडून ‘आता यावर बोलायचं नाही’. दुसरी गोष्ट प्रेमापोटीच होते, पण ती त्या वाक्याला खतपाणी घालते. गेलेले परत आले, खेळातून नाही तर घरातून. भोक बुजलं, पण भोक कसं पडलं ते कोणी विचारलंच नाही. कर्ज फेडायला मदत जरूर करावी, पण रोख रक्कम त्याच्या हातात न देता. आधी सगळ्या देण्यांची यादी एका कागदावर लिहून काढावी. काही काळ त्याच्या खात्याचे व्यवहार त्याच्या संमतीनं दुसऱ्या कुणी पाहावेत. ॲप काढून टाकावीत, बँकेत जुगाराचे व्यवहार अडवायची सोय असेल तर ती चालू करावी, आणि स्वतःहून स्वतःवर बंदी घालून घेण्याची सोय असेल तर तीही. इच्छाशक्तीवर एकट्यावर भार टाकू नये.

एक गोष्ट मोकळेपणानं सांगायलाच हवी. जुगाराच्या विकारात आत्महत्येचा धोका खूप वाढतो. स्वीडनमधल्या एका अभ्यासात असं निदान झालेल्या प्रौढांमध्ये आत्महत्येनं होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण इतरांच्या १५ पट आढळलं. धोका सर्वांत जास्त असतो तो सगळं उघड होतं त्या सुमाराला. म्हणून त्या रात्री त्याला एकटं सोडू नये, आणि ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ हे थेट विचारावं. विचारल्यानं असा विचार डोक्यात भरला जात नाही. उत्तर ‘हो’ असेल तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांकडे किंवा मदतवाहिनीकडे जावं. पैशाचं नंतर बघता येतं.

अजून इतकं पुढे गेलेलं नसेल, नुसती शंका असेल, तर डॉक्टर वापरतात असे दोन छोटे प्रश्न कोणालाही विचारता येतात. आधीपेक्षा जास्त जास्त पैसे लावावेसे वाटतात का? आणि आपण किती खेळतो याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटं बोलावं लागलं का? दोन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तरी नीट तपासून घ्यावं. हे प्रश्न चहाटळपणे किंवा पोलिसी थाटात विचारू नयेत. शेजारी बसून, फोन बाजूला ठेवून, सामना चालू नसताना विचारावेत.

मुलगा बोलायला लागला की तो एक आकडा सांगेल. हा आकडा बहुधा खरा नसतो, खऱ्यापेक्षा कमी असतो. तो आकडा टाकून आपला चेहरा बघत असतो. तेव्हा ‘एवढंच ना, की अजून आहे?’ असं खोदत बसण्यापेक्षा ‘सांगितलंस ते बरं केलंस. काही राहिलं असेल तर उद्या सांग, परवा सांग, मी असाच ऐकेन’ असं म्हणून ठेवावं. बहुतेक वेळा दुसरा आकडा दोन-चार दिवसांत येतो.